फुलकायचा बुढा अजून बाहेर आहे

फुलकाय बेठेकर गेली हे मला मक्याच्या दळणाबरोबर कळलं. तिची सून डबा घेऊन गिरणीवर आली, डबा काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "बारीक दळा बाई. बुढी गेली नं काल सांजच्याले, पाहुणे येऊन राहिले." मी पट्टा चढवत होते. कशानं गेली, काही बोलली का, एवढं तरी विचारावं म्हटलं, तर मागच्या बायका "आमचा डबा आधी होता" म्हणून भांडायला लागल्या. मी गिरणी चालू केली आणि त्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.

तेल्हाऱ्याहून पहाडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची, म्हणजे सरकारी पडीक जमीन होती. आमची ढोरं तिथं चरायची. एका उन्हाळ्यात त्या जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि मेळघाटातलं एक अख्खं कोरकू गाव ट्रकांत बसून खाली आलं. सालईढाणा त्याचं नाव. जंगल वाघासाठी मोकळं करायचं होतं म्हणे. वाघाला जागा पाहिजे, हे मला पटतं. पण वाघाला घर देताना ज्यांची घरं गेली, त्यांच्याशी आम्ही खालचे लोक कसे वागलो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी एक नाव दिलं, 'पुनर्वसनवाले'. कोंबडी हरवली, पुनर्वसनवाल्यांनी नेली. मोटारीची वायर कापली, पुनर्वसनवाल्यांनी कापली. वस्तीत जन्मलेल्या पोट्ट्यांना आता मिसरूड फुटायला आलं, त्यांनी जंगल धड पाहिलंही नाही, तरी ते पुनर्वसनवालेच. आमच्या घरची जावई मंडळी अकोल्याहून येऊन वर्षभरात गावकरी होतात, ह्यांना मात्र जन्म पुरत नाही.

फुलकाय त्यांतली सगळ्यांत तिखट बाई. बुटकी, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, लुगडं गुडघ्याच्या खाली येऊ द्यायचं नाही. गिरणीवर यायची ती रांग न लावता थेट आत. बाकावर कधी बसली नाही, दाराशी उकिडवी बसायची आणि आलेल्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवून म्हणायची, "जाळलं पाय तुह्या गिरणीनं." मी म्हणायची, "मग जात्यावर दळ." ती म्हणायची, "जातं वरतं राह्यलं. तू आणून देतं का?" तलाठी असो, डॉक्टर असो, ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. आमच्या गावात ह्याचा फार राग. ती आम्हाला 'तू' म्हणते ह्याचा राग. आम्ही तिच्या नातवंडांनाच काय, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यालाही 'अरे ए' म्हणायचो, त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं.

तिला 'गाव कोणतं' विचारलं की ती 'सालईढाणा' सांगायची. तेल्हाऱ्याच्या बाजाराहून परत येताना एकदा आम्ही दोघी एकाच एसटीत होतो. कंडक्टर नवीन होता.

"कुठं जायचं आजी?"

"सालईढाणा."

"असा स्टॉप नाही ह्या रूटवर."

"होता."

"होता म्हणजे? आता नाही ना. उतरायचं कुठं ते सांगा."

"तुले जिथं वाटते तिथं उतरव. आमाले उचलून कुठंबी उतरवाची तुमाले सवयच हाय."

गाडीतली माणसं हसली. कंडक्टरही हसला. फुलकाय हसली नाही. तिचं तिकीट मी आमच्या गावाचं सांगितलं, तर घरी येईस्तोवर माझ्याशी बोलली नाही.

आणि ते मोहाचं प्रकरण. माझे दीर, महादेवभाऊजी, त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक जुनं झाड आहे. आमच्याकडे मोहाची फुलं कोणी वेचत नाही. पडतात, सडतात, माश्या घोंगावतात. त्या चैत्रात फुलकाय पहाटे टोपलं घेऊन तिथं गेली. जाण्याआधी चार दिवस तिनं मला विचारलंही होतं, "त्या झाडाचे फुलं कोण येचते?" मी म्हटलं, कोणीच नाही. मग तिच्या हिशेबानं झाड मोकळं होतं. वर त्यांच्याकडे जमीन कोणाचीही असो, कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असायचं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलायचं नाही. ज्या झाडाला वेचणारं घर नाही, ते झाड ज्याला गरज त्याचं. इतका सरळ कायदा ती खाली घेऊन आली होती.

भाऊजींनी तिला धुऱ्यावर पकडलं आणि असे ओरडले की रस्त्यावरची माणसं जमली. "चोर साले! आज फुलं नेता, उद्या पऱ्हाटीचा कापूस न्यान."

फुलकाय उभी राहिली. शिवी दिली नाही, रडली नाही. तिनं टोपलं उचललं आणि झाडाखाली फिरत फिरत ती फुलं परत जमिनीवर टाकायला लागली. एका जागी ओतून मोकळी झाली नाही. जिथं दाट पडली होती तिथं दाट, जिथं विरळ तिथं विरळ. सगळं टोपलं रिकामं होईपर्यंत माणसं बघत उभी राहिली आणि भाऊजींना काय करावं ते सुचेना. शेवटी ती म्हणाली, "पाहून घे. एकबी कमी नाई." आणि गेली. ती फुलं तिथंच सडली. भाऊजी त्या साली मला म्हणत होते, "बाई मोठी मिजासखोर आहे." मी म्हटलं, तुमच्यापेक्षा कमीच. त्यावर ते पंधरा दिवस आमच्या घरी चहाला आले नाहीत. बरंच झालं.

तिचा नवरा मोतीराम मात्र गरीब गाय. तो एसटीत बसायलाही घाबरायचा. खोलीच्या दारात बसून पहाडाकडे बघायचा, नाहीतर विड्या ओढायचा. वरचं गार हवेतलं शरीर, इकडच्या उन्हाळ्यात सिमेंटच्या खोलीत तव्यावर ठेवल्यासारखं व्हायचं. दुसऱ्याच उन्हाळ्यात तो गेला. वस्तीच्या मागं नाल्याकाठी त्याला पुरलं. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. ते मला फुलकायनं गिरणीच्या दाराशी बसून सांगितलं. लाइट गेली होती, गिरणी बंद होती, म्हणून ऐकू तरी आलं.

"माणूस मेला म्हणजे लगेच जात नाई बाई. बाहेर थांबते. मंग आमी सिडोली करतो. सागाचा मुंडा रोवतो, त्याच्या बापाच्या, आज्याच्या मुंड्यापाशी. मंग ते लोक त्याले आपल्यात घेते. तोवर बुढा बाहेरच."

मुंडा म्हणजे लाकडी खांब. त्यावर घोड्यावर बसलेला माणूस कोरतात, वर चंद्र-सूर्य. सालईढाण्याच्या बाहेर एका झाडाखाली बेठेकरांचे असे पिढ्यान्‌पिढ्यांचे खांब उभे होते. गाव उठलं, खांब तिथंच राहिले.

मी विचारलं, "बाहेर म्हणजे कुठं असतो गं तो?"

"मले काय मालूम? इथं त्याले कोण वळखते?"

"मग इथंच रोवा ना खांब. नाल्याकाठी जागा आहे."

"इथं कोण हाय त्याचं? कोणापाशी पाठवू? तुह्या सासऱ्यापाशी?"

माझ्या सासऱ्यांनी जिवंतपणी कोरकू माणसाला ओसरीवर चढू दिलं नसतं.

तिचा मुलगा साबूलाल हा वेगळ्या घडणीचा. खाली आल्यावर त्यानं मोटरसायकल घेतली, जिनिंगमध्ये कामाला लागला, आमच्यासारखं बोलायला शिकला. त्याला आईचा हट्ट समजत होता आणि त्याचा कंटाळाही आला होता. घरात कोणी आजारी पडलं की वस्तीतली जुनी माणसं म्हणायची, बुढा बाहेर आहे, तो आत येऊ बघतो. साबूलालची पोरगी सारखी तापानं पडायची. तो आईला म्हणायचा, "माय, अजून किती दिवस बापाले असं ठेवतं? करून टाकू इथंच." ती म्हणायची, "तुले घाई असंन तर मीच मरतो." मग तो गाडीला किक मारून निघून जायचा.

शेवटी त्यानंच वनखात्यात जाऊन विचारपूस केली. देवाधर्मासाठी एक दिवस जंगलात, जुन्या गावाच्या जागी जाऊ देतील, असं कोणीतरी सांगितलं. फुलकायचं वय एका दिवसात उतरलं. सालईढाण्याचं घर मोडताना तिनं घराचा मधला खांब सोबत आणला होता. सिमेंटच्या खोलीत सागाच्या खांबाला काय काम? तो मागच्या बाजूला टिनाखाली पडून होता. तोच तिनं मुंड्यासाठी काढला.

वस्तीत कोरणारा कोणी उरला नव्हता. आमच्या गावच्या नामदेव सुताराला बोलावलं. ह्या माणसानं आयुष्यभर दारं आणि तिफणी केल्या. तो म्हणाला, "घोडा म्हणजे कसा, नवरदेवाचा?" फुलकाय त्याच्या डोक्यावर उभी राहून दिवसभर त्याला छळत होती.

"हे काय केलं? हे तर गधं झालं."

"बाई, माह्या हाताले इतकंच येते."

"कान काप त्याचे. अजून काप. हां, आता बुढा बसंन त्याच्यावर." मग मला म्हणाली, "जिता होता तवा एसटीत बसाले भेत होता. आता घोडा पायजे त्याले." त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिलं.

गाडी आमची होती, माल वाहायचा छोटा टेंपो. माझा नवरा चालवत होता, म्हणून मीही बसले. मागे खांब, एक बकरं, तांदूळ, मोहाची बाटली, आणि वस्तीतली माणसं. फुलकाय खांबावर हात ठेवून बसली होती. घाट चढायला लागलो तशी ती झाडांची नावं घ्यायला लागली, आपल्या भाषेत. कोणाला सांगत नव्हती, स्वतःशीच.

वनखात्याच्या नाक्यावर गाडी अडवली. पोरगेलासा गार्ड होता, वागायला चांगला. साबूलालनं परवानगीचं सांगितलं, त्यानं फोन लावला, हो म्हणाला. मग गाडीच्या मागं आला आणि चादर उचलली.

"हे काय?"

"मुंडा," साबूलाल म्हणाला. "पूजेचा."

"लाकूड सागाचं दिसते. पास?"

पास कसला? घराचा खांब. ज्या जंगलात आता आम्ही तो नेत होतो, त्याच जंगलातून तो तिच्या सासऱ्यानं कधीकाळी आणलेला. पण सागाचं घडीव लाकूड, कागद नाही. तो बिचारा पोरगा घाबरला, त्यानं वरच्याला बोलावलं. वरचा आला, त्यानं खांब पाहिला, घोडा पाहिला, चंद्र-सूर्य पाहिले. "माणसं जाऊ शकतात," तो म्हणाला, "लाकूड जप्त होईल."

फुलकाय गाडीतून खाली उतरली. "साहेब, जो लाकूड जंगलातून बाहेर नेते त्याले तुमी चोर म्हणता. मी बाहेरून जंगलात नेऊन राहिली. मले काय म्हणतं तू?"

वरचा म्हणाला, "आत काय, बाहेर काय, नियम एकच आहे."

तेवढ्यात मागून पर्यटकांच्या उघड्या जीपा आल्या. टोप्या, गॉगल, दुर्बिणी. त्यांना फाटक उघडून दिलं. एका बाईनं जाताजाता फुलकायचा फोटो काढला, गोंदण चांगलं वाटलं असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्या साहेबाला काय काय बोलले ते माझा नवरा अजून घरात सांगतो, पण माझ्या बोलण्यानं झालं काहीच नाही. पंचनामा झाला. 'साग, एक नग.' फुलकाय म्हणाली, "लाकूड नको लिहू. मोतीराम बेठेकर लिही." कोणी लिहिलं नाही.

"तुम्ही जाऊन या ना आजी," तो गार्ड म्हणाला. "तुमच्या गावाची जागा पाहून या."

"काय पाहू?" ती म्हणाली. "हात हालवत गेली तर ते लोक इचारतीन, बुढा कुठं हाय. काय सांगू त्याईले? नाक्यावर हाय म्हणून?"

आम्ही परत फिरलो. बकरंही परत आलं.

साबूलालनं त्या खांबासाठी पुष्कळ फेऱ्या मारल्या. आधी डेपोत आहे म्हणाले. मग कागद आणा म्हणाले. घराच्या जुन्या खांबाचा कागद कुठून आणायचा? मग साहेब बदलला. नवीन म्हणाला, जप्तीचा माल एकत्र रचलेला आहे, तुमचा कोणता ते सांगता येणार नाही. ज्याच्यावर घोडा कोरला आहे तो, म्हटलं, तर तो म्हणाला की लॉट लिलावात गेला, आता काही सापडायचं नाही. कोणाच्या तरी बंगल्याच्या दाराला लागला असेल. त्या घोड्यावर रंधा फिरवताना कोणाचा हात थांबला असेल असं मला वाटत नाही.

हे कळल्यावर फुलकाय महिनाभर गिरणीवर आली नाही. आली तेव्हा पीठ चाखलं नाही. मी मुद्दाम म्हटलं, "जाळलं का गं?" ती म्हणाली, "असू दे."

ह्या हिवाळ्यात साबूलालची पोरगी इतकी आजारी पडली की अकोल्याला भरती करावी लागली. पोरगी वाचली, पण साबूलालनं आईला सांगून टाकलं की आता तो थांबणार नाही. फुलकाय नातीकडे बघून 'हो' म्हणाली. सागाचं नाव काढायची आता कोणाची हिंमत नव्हती. वावराच्या कुंपणाला लावतात तसला सिमेंटचा खांब आणला. ट्रॅक्टरवर नंबर टाकणाऱ्या पेंटरकडून त्यावर घोडा काढून घेतला, निळ्या रंगाचा. घोडा चांगला होता, नामदेवच्या घोड्यापेक्षा पुष्कळ चांगला. आमच्या गावात लगेच कुजबुज झाली. भाऊजी म्हणाले, "आज खांब रोवून राहिले, उद्या ई-क्लासच याईच्या बापाची होते." मी म्हटलं, बापाचाच खांब आहे तो. आमच्या गावातून तिथं जाणारी मी एकटी.

नाल्याकाठी माणसं जमली होती. त्यांच्या भूमकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, जे करायचं ते केलं. बकरं कापलं. ढोलकी वाजत होती, बाया गात होत्या, आणि त्या उघड्या जागेवर एकटा सिमेंटचा खांब उभा होता. शेजारी दुसरा एकही नव्हता. सगळ्यांत शेवटी फुलकायला पुढे बोलावलं. तिनं खांबाच्या बुडाशी पाणी ओतलं, मोहाचे थेंब टाकले, आणि कोरकू भाषेत काही बोलली. थोडंच बोलली. ढोलकी थांबली. भूमका तिच्याकडे बघत राहिला. साबूलालनं तोंड फिरवलं. फुलकाय उठली आणि जेवायला न थांबता खोलीकडे चालायला लागली. मी तिला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

मी तिच्या सुनेला विचारलं, "काय झालं गं?"

सून पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बायकोनं म्हणा लागते, जा, आता आपल्या लोकाईत जा. तवा तो जाते."

"मग? ती काय म्हणाली?"

"म्हणे, हे तुले खोटं सांगून राहिले. इथं आपलं कोणी नाई. जाऊ नको कुठं. मी येतो तोवर बाहेरच थांब."